पाणी यायचा दिवस

पाचव्या दिवशी नळ येतो, तोही पहाटे तीनला.
आधी नुसताच खोकतो, हवा सोडतो,
बोलायच्या आधी म्हातारं माणूस घसा साफ करतं तसा.
राजमणी कोपरानं ढोसते, उठा की ओ, आलं.
मग बॅरल, घागरी, रंगाचे डबे, कुकर,
देवाचा तांब्यासुद्धा रांगेत.
बॅरलच्या तळाचं शिळं पाणी मात्र सांडायचं नाही,
ते झाडांचं.
हा कायदा मी केलेला नाही.

पस्तीस वर्षं लूमवर उभा होतो.
तुटला धागा सांधायचा, किनार बघायची.
डावा कान तिथंच ठेवून आलो.
आता दहाच्या आत कुंड्या सावलीला ओढतो,
कुंड्या म्हणजे तेलाचे डबे,
आणि एक फुटकं कमोड. हसू नका,
त्यातला मोगरा असा येतो
की बिराजदार मावशी भिंतीवरून हात घालून तोडतात
आणि माझ्याकडंच बघून विचारतात, यंदा फुलं कमीच ना?

कुत्र्याचं नाव टॉवेल.
आणला तेव्हा पांढरा होता.
अकरानंतर तो मोरीत आडवा होतो, गार फरशीला पोट लावून,
आणि मी त्याच्या पाठीवरून हात लांबवून भांडी घासतो.
शेंगाचटणीची वाटी तेवढी उठून चाटतो,
ठसका लागतो, परत झोपतो.

मांजरीनं गेल्या आठवड्यात पिलं घातली,
ट्रंकेत, चादरींवर.
झाकण मीच उघडं ठेवलं होतं, डांबरगोळ्या टाकायला.
त्यातही नेमकी मोराची चादर,
माझ्या मागावरची शेवटची,
श्रीलतासाठी ठेवलेली.
मोराच्या पिसाऱ्यात चार आंधळे उंदीर असावेत तसं ते दिसत होतं.
राजमणी बराच वेळ वाकून बघत राहिली.
मग म्हणाली, असू दे,
बाळंतिणीला कोण उठवतं.

दुपारी लाईट गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले,
माझ्या कानातला तेवढा चालू.
बाहेर त्रेचाळीस. दोरीवरची पॅन्ट वाळून
आत कुणी उभं असल्यासारखी ताठ.
ती सुपात पानं घेऊन विड्या वळत होती,
बोटं चालू, नजर दाराबाहेर.
मी तांदूळ धुतले. ते पाणी कढीलिंबाला.
डाळीचं मोगऱ्याला.
कपड्यांचं शेवटचं पिळणं पपईला,
असं म्हणून उठलो तर ती म्हणाली,
पपईला नको.

पपई आम्ही लावली नव्हती.
मोरीच्या तोंडाशी आपली आपण आली,
दोन वर्षांत छपराला टेकली,
आणि निघाली नर.
लांब देठांना बारकी फुलं लोंबतात, गळतात. संपलं.
तोडून टाका म्हणते मी, राजमणी विडीचं तोंड दुमडत म्हणाली,
फळ देत नाही,
पाणी पितं,
दिवसभर नुसतं उभं असतं घराला टेकून.

पपईविषयीच बोलत होती, बहुतेक.

मी डबा खाली ठेवला.
लसूण सोलला. जाळी झटकली.
चार वाजता श्रीलताचा फोन, कूलर घ्या म्हणाली,
त्याला पाणी कुठलं, मी म्हणालो,
मग पिलांचा फोटो पाठव म्हणाली,
चादरीचं काही विचारलं नाही.

उन्हं भिंतीवर चढल्यावर
ती विड्या द्यायला कारखान्यात गेली.
मी चोरासारखा डबा उचलला,
चपला न घालता मागं गेलो.
पपईची माती काळी झालेली होती.
बोट घातलं. आतपर्यंत ओल.
वर तांदळाचा एक दाणा.

तांदळाचं पाणी तर मी कढीलिंबाला घातलं होतं,
निम्मं. निम्मं पातेल्यात होतं.

टॉवेल आला, वास घेतला,
तीन गिरक्या मारून त्या ओल्यावर पसरला.
डब्यातलं पाणी मी परत बॅरलमध्ये ओतलं.
पुढचं रविवारी.